सुपारीची वरात

‘हातानं केलेलं’ अशी चिठ्ठी लावलेली वस्तू दिसली की मी ती आधी उलटी करून बघते. पुढून सगळंच छान असतं. खरं काय ते बुडाशी कळतं. गोंदाचा ओघळ राहिलाय का, धाग्याची गाठ कुठे मारलीय, रंग कडेपर्यंत गेलाय की मध्येच कंटाळा आलाय. बूड अगदी गुळगुळीत निघालं तर मी वस्तू परत ठेवते आणि दुकानदाराकडे अशी काही बघते की माझी मुलगी मुग्धा कानाशी येऊन म्हणते, "आई, तू गिऱ्हाईक आहेस. पोलीस नाहीस."

मुग्धाचं लग्न ठरलं आणि माझा संशय घरात फारच बोकाळला. ती वागळे इस्टेटमधल्या एका काचेच्या ऑफिसात मोबाइलवर दिसणारी चित्रं आणि बटणं तयार करते. पत्रिकेवरचं चित्र तिनं कॉम्प्युटरला नुसतं सांगून काढून घेतलं. नऊवारीतली नवरी, फेट्यातला नवरदेव, मागे आंब्याची तोरणं. "हातानं काढल्यासारखं वाटतंय ना?" तिनं विचारलं. मी चष्मा लावला आणि आधी बोटं मोजली. नवरीच्या डाव्या हाताला एक जास्त होतं. मुग्धा हसली, पडद्यावर काहीतरी टिचकी मारली आणि ते बोट गेलं. इतक्या सहज जिथे बोट जातं तिथे माझा विश्वास कसा बसावा? उखाणेही तिला फोननेच जुळवून दिले होते. ते चांगले होते, याचाच मला जास्त राग आला.

"आणि रुखवताचं काय?" मी विचारलं.

"ते मिळतं गं भाड्याने. आख्खं टेबल लावून देतात, संध्याकाळी येऊन घेऊन जातात. डोंबिवलीच्या मागे एक दुकान आहे, मस्त रिव्ह्यू आहेत."

नवरीकडच्यांनी मांडवात एका टेबलावर मांडायचं ते रुखवत. चकल्या-लाडवांचे मनोरे, विणलेले रुमाल, बाहुल्या, मोत्यांची तोरणं. आमची मुलगी किती गुणाची आहे, तिच्या हातात किती कला आहे, हे वरपक्षाला न बोलता सांगायची ती जागा. ते भाड्याने आणायचं म्हटल्यावर मी चांगलं तोंडसुख घ्यायला हवं होतं. पण मी दुकानाचा पत्ता विचारला. कारण रुखवत कुठून येतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

रविवारी आम्ही ठाण्याहून निघालो. डोंबिवलीच्या मागच्या अंगाला पूर्वी नुसती भाताची खाचरं होती, आता तिथे टॉवर उगवलेत. चौकात कोणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता, त्यातला दादा आईनेही ओळखू नये इतका गोरा केलेला. टॉवरांच्या मधोमध जुन्या गावकऱ्यांचे चार-दोन बंगले उरलेत, त्यातल्या एकाच्या तळमजल्यावर पाटी होती, ‘मंजुळा रुखवत आणि डेकोरेशन’. गल्ल्यावर वंदनाताई नावाच्या बाई बसल्या होत्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात भरपूर सोनं, समोर दोन मोबाइल.

"या, बसा. पानी घ्या आदी. हीच का नवरी? बगा तुमाना काय आवडतंय ते. आमचेकडं सगला हातानी केलेला माल हाय."

झालं. मी कामाला लागले. लाकडाच्या भुशाच्या पातळ फळीतून कोरलेली सप्तपदी होती, ती नाकाशी नेली. कडांना जळका वास. म्हणजे यंत्राने कापलेली. कागदाची कमळं होती, एक पाकळी जराशी वाकडी, अगदी माणसाच्या हातून व्हावी तशी. मी मागचं कमळ काढलं. त्याचीही तीच पाकळी, तितकीच वाकडी. माणूस दहा वेळा चुकेल, पण तसाच्या तसा चुकायचा नाही. चूकसुद्धा आता विकत मिळते तर! मी मुग्धाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, तिनं डोळे फिरवले.

आणि मग वरच्या फळीवर मला आमचे घरमालक दिसले.

कल्याणला आम्ही दातारकाकांच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. दातारकाकांचं नाक डावीकडे झुकलेलं होतं आणि भुवया कायम वर, जणू समोरचा आता गळक्या छपराबद्दल बोलणार याची खात्री असावी. माझी आई सुपारीची वरात करायची. नवरा-नवरी, करवल्या, भटजी, घोडा आणि पुढे सगळा बँड. सुपारीचं डोकं, दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचं अंग, शिंप्याकडच्या चिंध्यांचे कपडे. आणि तिनं रंगवायला घेतलेला चेहरा कोणाचाही असो, शेवटी तो थोडा तरी दातारकाकांवर जायचाच. बँडमास्तर तर हुबेहूब. कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये आमचे घरमालक एक पाय पुढे टाकून बँड वाजवत उभे होते, आणि त्यांना बिचाऱ्यांना याचा पत्ता नव्हता.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या घराचा वास बदलायचा. एरवी घासलेट आणि फोडणी असायची. मग डिंकाचा आंबूस वास यायचा, नव्या सुपारीचा तुरट, आणि पोस्टर कलरचा तो ओल्या मातीसारखा. खिडकीत चिंध्यांचे फेटे वाळत पडायचे. बाबा रेल्वे यार्डातली पाळी संपवून यायचे आणि म्हणायचे, "वरात जरा सरकव, मला जेवायला बसायचंय." आई सुपाऱ्या निवडायला बसली की एकेक कानाशी नेऊन हलवायची. आत काही खुळखुळलं तर ती बाजूला. चांगल्या सुपाऱ्या मांडीवर, पदरात. मला त्यांचा तो एकमेकींवर आपटल्याचा आवाज अजून आठवतो, दबका आणि कोरडा.

डोळे ती सगळ्यात शेवटी काढायची. त्यासाठी शून्य नंबरचा ब्रश असायचा, त्याचेही केस ब्लेडने आणखी कमी केलेले. तेव्हा घरात कोणी हलायचं नाही. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन श्वास धरून बसायची. यार्डात मालगाडीचे डबे जोडताना धडाधडा आवाज यायचा आणि चाळ हलायची. आई ब्रश हवेत धरून थांबायची. शेवटचा डबा आपटून झाला, भांड्यांची थरथर गेली, की एक टिंब, दुसरं टिंब. त्या दोन टिंबांनंतर ती सुपारी राहायची नाही. लहानपणी मला याची चक्क भीती वाटायची.

आता खरी गोष्ट. हे सगळं गुपित होतं. नवरीची आई दुपारच्या वेळी पिशवी घेऊन यायची, आल्यावर दार लोटून घ्यायची. मुलीनं स्वतः केलंय असं सांगायचं, असा रुखवताचा रिवाज. वरपक्षाच्या बायका टेबलाभोवती जमायच्या, कोणीतरी विचारायचंच, "हे कोणी केलं गं?" आणि नवरीनं मान खाली घालून म्हणायचं, "मी." निम्म्या कल्याणातल्या नवऱ्या असं म्हणाल्या असतील. पण आईला तेवढं खोटंही पचायचं नाही. म्हणून ती प्रत्येक वरातीतला शेवटचा ढोलवाला कोरा ठेवायची. लग्नाच्या आधी एका संध्याकाळी नवरीला बोलवायची, पाटावर बसवायची, ब्रश हातात द्यायची. "एक तोंड तुझं. म्हणजे मांडवात ‘मी’ म्हणताना चाचरायला नको."

त्या मुली इतक्या घाबरायच्या! हात थरथरायचा. कोणाचा ढोलवाला तिरळा व्हायचा, कोणाचा रागावलेला, एकीचा तर रडवेला झाला होता. आईनं त्यातला एकही कधी सुधारला नाही. "छान झालाय," म्हणायची आणि वाळायला ठेवायची.

स्वतः आई मांडवात कधी जायची नाही. गेली आणि कोणी ओळखलं तर मुलीची शोभा व्हायची. ती मला पाठवायची. वेणीवर गजरा, इस्त्रीचा फ्रॉक, आणि मी दोन्हीकडची कोणीच नाही अशी त्या गर्दीत शिरायची. अक्षतांचा ओला वास, शालूंतून येणारा डांबरगोळ्यांचा, कढईतल्या जिलबीचा. टेबलाशी उभी राहून मी वरपक्षाच्या बायकांचं बोलणं ऐकायची. काय बायका होत्या! एक नखानं रंग खरवडून बघायची. एक बाहुली उचलून तिचा परकर वर करून आत बघायची. "विकतचं दिसतंय हो," असं पुटपुटायच्या, आणि नवरीकडे बघून गोड हसायच्या. मी संशय घ्यायला त्यांच्याकडून शिकले. त्यांच्यासारखं गोड हसत नख लावणं मात्र मला कधी जमलं नाही.

घरी आले की आई ब्रश धूत बसलेली असायची. कोण आलं होतं, जेवण काय होतं, हे ती विचारायची नाही. "बँडमास्तरकडे बघून कोणी हसलं का?" एवढंच विचारायची. मी हो म्हणायची. ती मान हलवायची आणि भात लावायला उठायची.

आज आमच्या घरात आईच्या हातचं काहीही नाही. खरंच काही नाही. वराती लोकांच्या घरी गेल्या. माझं लग्न कोर्टात झालं, तिथे कसलं आलंय रुखवत. आई गेल्यावर मी त्या दोन खोल्या वेड्यासारख्या उपसल्या, की एखादी चुकलेली सुपारी, एखादी करवली तरी कुठे सापडेल. डिंकाची वाळलेली वाटी सापडली, तीही भावजयीनं धुऊन टाकली. तेव्हापासून कोणाच्या घरी गेले की माझं लक्ष त्यांच्या शोकेसकडे असतं. मला त्यातली एक सुपारी हवी होती. फक्त एक, मुग्धाच्या हातात ठेवायला, ही बघ तुझी आजी, असं म्हणायला.

आणि इथे दातारकाका फळीवर उभे होते.

मी ती वरात खाली काढली. उलटी केली. बूड गुळगुळीत. नख लावलं, रंगाखाली पांढरं प्लास्टिक. वास घेतला, कसलाच नाही. मागे तशीच दुसरी वरात होती, तिच्यामागे तिसरी. प्रत्येक बँडमास्तराचा पाय तितकाच पुढे, प्रत्येकाच्या फेट्याची तीच एक चुणी निसटलेली. सुपारीवरच्या बारीक शिरासुद्धा प्लास्टिकवर उतरल्या होत्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या आईची नक्कल, तीही अशी ढिगानं? पण चेहरे मात्र वेगळे होते. थोडेथोडे, पण वेगळे. एकाच्या गालावर रंगात ब्रशचा केस अडकला होता. यंत्राचे केस काही गळत नाहीत.

"हे कोणी केलं?" मी विचारलं. अगदी त्या वरपक्षाच्या बायकांच्या आवाजात.

"ते ना? माजे मोठे जावेनं," वंदनाताई म्हणाल्या. "मंजुला तिचं नाव, पाटीवर हाय ना, तीच. लग्नान रुखवतावर आनलेलं तिनं, सोताचे हातानी केलेलं. आता नाय ती. हे दुकान तिचे पोराचं. नीलेश! बाहेर ये र जरा."

आतून तिशीतला एक मुलगा आला. बोटांना रंग लागलेला, कानामागे ब्रश. त्यानं मोकळेपणानं सांगितलं, लपवाछपवी काही नाही. "ओरिजिनल मम्मीचं आहे, काकू. सुपारीला कीड लागायला लागली तर मी घाबरलो. मित्राकडे जाऊन सगळं स्कॅन करून आणलेलं. आता थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये काढतो. पण चेहरे मशीनला जमत नाहीत. म्हणजे काढून देते ती, पण एकदम मेलेले वाटतात. मग मीच रंगवायला लागलो. मम्मीचं समोर ठेवून, बघून बघून शिकलो. भुवईचा तो एक फटका आहे ना, वर जाणारा, तो यायला मला दोन वर्षं लागली."

"ओरिजिनल दाखव," मी म्हणाले.

तो एकदम सावध झाला. "कशाला? ते मी कोणाला देत नाही. फोटो पण नाही काढू देत. मागे एक जण कॉपी मारून गेलेला." आता तो माझ्याकडे संशयानं बघत होता, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

"दाखव र," वंदनाताई म्हणाल्या. "नवरीची आईस हाय ती. खाते का काय?"

त्यानं आतून काचेची पेटी आणली. कापूस बाजूला केला. आणि तो वास आला. तुरट, जुना, जरासा धुळीचा. काही सुपाऱ्यांचं पीठ होऊन कापसावर सांडलं होतं. पण नवरी होती. भटजी होते, शेंडीसकट. बँडमास्तर होता. मी तो उचलला. नीलेशनं हात पुढे केला होता, पण मागे घेतला. बुडाशी डिंकाचा ओघळ होता, पिवळा पडलेला, आणि त्यात बोटाचा ठसा. मला हुंदका आला. तो मी खोकला म्हणून खपवला.

मुग्धाला दातारकाकांची गोष्ट माहीत आहे. तिनं बँडमास्तराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. थांब. कारण माझ्या स्वभावाला औषध नाही. आणखी कोणी करत असेल तेव्हा सुपारीच्या वराती. नाकं काय, कितीही जणांची डावीकडे झुकलेली असतात. मी उगाच शोधत असेन आणि म्हणून मला सापडत असेल. मी शेवटचा ढोलवाला पाहिला. त्याचे डोळे मिटलेले होते. ढोल गळ्यात, टिपरू हातात, आणि गडी उभ्या उभ्या झोपलेला.

"हा झोपलाय," मी म्हणाले.

नीलेश हसला. "हां, तो! मम्मी नेहमी बोलायची, बाकीच्यांचं मला नको विचारू, पण याला मीच झोपवलाय. मला वाटायचं गंमत करते."

त्या बाईनं मांडवात मान खाली घालून ‘मी’ म्हटलं असेल, म्हणावंच लागतं. पण घरी, आपल्या मुलापाशी, जन्मभर तिनं एका चेहऱ्यापेक्षा जास्त काही स्वतःचं म्हटलं नाही. कधीतरी एका संध्याकाळी मीच तिला आमच्या खोलीचं दार उघडलं असेल. ती पाटावर बसली असेल, ढोलवाल्याच्या डोळ्यातला रंग ओघळला असेल, आणि घाबरून तिनं डोळे मिटवून टाकले असतील. आई म्हणाली असेल, छान झालाय.

आता शंका उरली नव्हती. हातात माझी आई होती, आणि एवढंच म्हणायचं होतं की हे माझ्या आईनं केलंय. पुरावा त्यानंच दिला होता. मुलगा चांगला होता. समजावून सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं, बँडमास्तर मागितला असता तर दिलाही असता. मुग्धा माझ्याकडे टक लावून बघत होती. मला तो हवा होता. इतकी वर्षं लोकांच्या शोकेसमध्ये डोकावले ते काय उगाच?

नीलेश बोटानं कापूस सारखा करत होता. सांडलेलं पीठसुद्धा त्यानं झटकलं नाही, हलकेच कडेला घेतलं. "मम्मीच्या हातचं आमच्याकडे एवढंच राहिलंय," तो म्हणाला. "बाकी तिचं जेवण होतं, लोणची होती. ते काय स्कॅन होत नाही."

मी बँडमास्तर त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो जागेवर नीट उभा केला, पाय पुढे, आणि पेटीचं झाकण लावलं. मग जरा लाजत विचारलं, "काकू, तुम्ही एवढं निरखून बघत होता. तुम्हाला यातलं कळतं. कसं वाटलं काम?"

मुग्धाचा हात माझ्या हातात घट्ट होता.

"तुझ्या आईचा हात फार चांगला होता," मी म्हणाले.

"हो ना?" तो म्हणाला. त्याचा लगेच विश्वास बसला.